रिकामं गाळणं

सांगा, भरवसा कोणावर ठेवायचा? तोलणाऱ्यावर, की तराजूवर?

आमच्या पेठेत एक केशरवाला होता. माणूस गोड. दुकानात पाऊल टाकलं की आधी ताकाचा पेला पुढं करायचा. खरं केशर कुठलं आणि मक्याच्या कणसाचे रंगवलेले केस कुठले, हे अख्ख्या गावात त्या एकट्याला कळायचं. म्हणून लोक बाहेरून केशर आणलं की त्याच्याकडं पारखायला न्यायचे. तो चिमटीत धरायचा, नाकाशी न्यायचा, मान हलवायचा.

"फसलात, शेठ."

मग लोक त्याच्याच दुकानातून केशर घेऊन घरी जायचे.

त्याचं केशर कोणी पारखायचं, हा प्रश्न मात्र गावाला कधी पडला नाही.

ही गोष्ट केशराची नव्हे. पण डॉक्टर शलाका टिपणीस त्या दिवशी उन्हं कलल्यावर सोनकीच्या ओढ्यावरच्या जिनमंदिराकडं निघाली, तेव्हा तिच्या खांद्याला एक थर्मास लटकत होता. त्यात जे होतं ते खरं की खोटं, हे पारखू शकणारं माणूस साऱ्या मुलखात एकच होतं.

ती स्वतः.

शलाका डॉक्टर होती ती औषधाची नव्हे. पाण्यातल्या किड्यांची. वय तिशीच्या आतलं, कॉलेजात नोकरी नवी, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि गळ्यात दागिन्याच्या जागी दोरीला बांधलेलं भिंग. कुठल्या पाण्यात कोणता किडा राहतो, यावरून ते पाणी जगतंय की मरतंय हे सांगायचं, असा तिचा विषय. वैद्य नाडी बघतो, तसं ती दगड उलटून बघायची.

सोनकीचा ओढा तसा बारीकच. वरच्या माळावरून निघतो, सूत रंगवणाऱ्या कारखान्यांच्या मागून वळसा घेतो, मंदिराच्या पायऱ्यांशी येतो आणि खाली गावात शिरतो. कधी हिरवा, कधी जांभळा, सणाच्या तोंडावर लालभडक. यंदा बाजारात कोणत्या रंगाची लुगडी येणार, ते गावातल्या बायका दुकानात नव्हे, पुलावरून वाकून बघायच्या.

पण मंदिराच्या पायाखालून एक झरा यायचा. त्याच्या धारेनं पायऱ्यांजवळच्या तेवढ्या एका खडकावरचं पाणी थंड आणि निवळ राहायचं. काही वर्षांपूर्वी, विद्यार्थिनी असताना, शलाकाला तिथं एक अळी सापडली. नखाएवढी. तोंडातून रेशमासारखा धागा काढायची, त्यानं वाळूचा कण कणाला जोडायची, आणि अंगाभोवती नळीसारखं घर बांधून त्यातच राहायची. चालली की घरासकट चालायची.

ही अळी जगातल्या कुठल्याच यादीत नव्हती. शलाकानं तिला ओढ्याचं नाव दिलं. परदेशातल्या मासिकात तिचं छापून आलं, कॉलेजानं बोलावून नोकरी दिली. लोकांशी बोलताना ती त्या अळीला गवंडी म्हणायची. माझी गवंडी.

आता नवी जात सिद्ध करायची तर एक-दोन अळ्यांवर भागत नाही. छापण्याआधीच मासिकाच्या परीक्षकांचं पत्र आलं होतं, नमुने आणखी हवेत. लहान हव्यात, मोठ्या हव्यात, कोशात गेलेल्या हव्यात. शलाका आली, खडकावर बसली आणि चिमट्यानं वेचून घेऊन गेली. सगळ्या स्पिरिटच्या बाटलीत. तिच्या धंद्याची रीतच तशी. मारल्याशिवाय ओळख पटत नाही.

त्यानंतर त्या खडकावर गवंडी दिसली नाही.

पुढं झराही आटला. रंगाचं पाणी वाढलं. गवंडी का गेली, याचं कारण शलाकानं आपल्या अहवालात लिहिलं: रंगाचं पाणी.

ते खरंच होतं.

आता नगरपालिकेत घाटत होतं की ओढ्यावर काँक्रीटचं झाकण घालावं आणि वरून रस्ता न्यावा. अडसर एकच. त्या पाण्यात दुर्मीळ जीव असेल तर तो ओढा, झाकता येत नाही. नसेल तर ते गटार. उद्या सकाळी मंडळी पाहणीला येणार होती. त्यांच्यासमोर शलाकानं जाळी टाकायची, आणि काय निघतं ते दाखवायचं.

म्हणून ती कालच घाटात जाऊन आली होती. तिथल्या एका झऱ्यात गवंडीची मावसबहीण राहते. दिसायला तीच. फरक भिंगाखाली कळतो, तोही ज्याला ठाऊक आहे त्याला.

थर्मासात त्या मावसबहिणी होत्या. जिवंत.

*

मंदिराच्या ओट्यावर उपाध्ये पूजेचे तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आल्या, किड्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या! बरं झालं. आमच्या कोठीतल्या सोंडकिड्यांना पडसं झालंय. तपासता का?"

"माझी फी परवडायची नाही तुम्हाला, उपाध्ये."

"फी तांदळात देतो की. पेशंटसकट घेऊन जावा."

एरवी ती हसली असती. आज नुसतं विचारलं, "अण्णा कुठायत?"

उपाध्यांचाही चेहरा उतरला. सूप बाजूला ठेवत ते म्हणाले, "कुठं असणार? खाली, पाण्याशी. बाई, तुम्ही तरी सांगून बघा. पोरांनी बंगल्यावर गोड्या पाण्याची विहीर पाडलीय, दोरी-घागर घेऊन गडी उभा असतो. तिकडं जायचं नाव नाही. ह्या ओढ्याचंच पाणी पितात. डॉक्टर म्हणाला, आतडी कामातनं जातील. निदान उकळा म्हटलं, तर मलाच विचारतात, रंग उकळून जातो होय?"

"व्रताचं असेल काही."

"व्रत आम्हाला बी ठाऊक आहे की," उपाध्ये म्हणाले. "व्रतात असं कुठंच लिहिलेलं नाही."

*

नेमगोंडा पाटलांना गाव नेमाण्णा म्हणायचं. साठीत त्यांनी सगळं पोरांच्या हवाली केलं, ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं आणि मंदिराच्या मागच्या खोलीत राहायला आले. अंगावर धोतर आणि उपरणं, जेवण दिवसातून एकदा, आणि दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब नाही.

त्याआधी ते सुताचे मोठे व्यापारी होते. माळावरचा पहिला रंगखाना त्यांनी काढला. त्यांचं बघून बाकीचे. बाजारात त्यांनी दिलेला शब्द मागं घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं. नगरपालिकेतली मंडळी अजूनही त्यांच्यापुढं उभी राहून बोलायची.

म्हणून तर शलाकाला उद्या साक्षीला दुसरं कोणी नको होतं.

ती पहिल्यांदा इथं आली, तेव्हा तिला पाण्यात कसं उतरायचं तेसुद्धा ठाऊक नव्हतं. धपधप पाय टाकायची. नेमाण्णांनी पायरीवर बसून सांगितलं होतं, आधी वाक, पायाखाली कोण राहतंय ते बघ, मग पाऊल ठेव. पुस्तकात नसलेलं हे शिक्षण. तेव्हापासून ती त्यांना गुरू म्हणायची, अर्धं थट्टेनं. अर्धं नाही.

"जय जिनेंद्र, अण्णा."

"ये, चौसष्टावी."

हे त्यांचं तिला पाडलेलं नाव. जैन पुराणात शलाकापुरुष म्हणून थोर माणसं सांगितलीत, त्रेसष्ट. सगळे बाप्ये. तिचं नाव ऐकल्याबरोबर नेमाण्णा म्हणाले होते, बरं झालं, एक बाई कमी होती.

ती थेट पाण्यात उतरून त्यांच्यासमोर उभी राहिली. पाणी आज जांभळं होतं.

"घाई दिसती," नेमाण्णा म्हणाले.

"कशावरून?"

"वाकली न्हाईस."

शलाकानं पायाखाली पाहिलं. "खाली कोणीच नाही, अण्णा."

"तरी…"

ती पाण्याबाहेर आली. पायरीवर बसली. थर्मास मांडीवर घेतला.

"उद्या मंडळी येतील. तुम्हाला विचारतील, ह्या पाण्यात ती अळी तुम्ही पाहिलीत का?"

"पाहिली हाय की. तूच दाखवलीस."

"झालं तर मग. तेवढंच म्हणा. केव्हा पाहिलीत, ते कोणी विचारणार नाही."

नेमाण्णा हसले. हसताना त्यांच्या हिरड्या दिसल्या. त्यांच्यावर निळसर झाक होती.

"तू वकील व्हायला पायजे हुतीस. आणि जाळीत काय येणार?"

तिनं थर्मासवर बोटानं टकटक केलं.

"कुठल्या?"

"घाटातल्या. आपल्या गवंडीच्या मावसबहिणी."

"फरक असंल."

"डोक्यावर एक केस जास्त."

"कोणाला दिसतो?"

"मला."

"आणि?"

"…कोणालाच नाही."

"म्हंजे चोर धरणारी तूच."

"हो."

"आणि चोरी करणारी?"

पायरीवरची एक वाळकी काडी उचलून नेमाण्णांनी बाजूला ठेवली.

"आमचा रंगखाना नवा हुता तवाची गोष्ट," ते म्हणाले. "एक म्हातारी लुगडं घेऊन आली. म्हणाली, शेठ, धुतलं की रंग जातोय. मी म्हणालो, आजी, नवा रंग हाय, पहिल्या दोन धुण्यांत जातो, मग बसतो. तिनं इचारलं, जातो म्हंजे कुठं जातो?"

"मग?"

"मला हसू आलं. दुकानातली सगळी हसली. मी म्हणालो, पाण्यात जातो, आजी, आणि कुठं! … म्हातारी काय हसली न्हाई."

ओढ्याच्या कडेला जांभळा फेस येऊन अडकला होता.

"ह्या सोडणार कवा?" नेमाण्णांनी विचारलं.

"आत्ता. अंधार पडायच्या आत. उद्या सकाळपर्यंत तग धरतील."

"आणि परवा?"

तिनं थर्मास मांडीवर फिरवला.

"परवा, चौसष्टावी?"

"अण्णा, मूठभर अळ्या गेल्या तर गेल्या. ओढा तरी राहील."

"कोणासाठी?"

तेव्हा शलाकाचा तोल गेला. ती उठून उभी राहिली आणि इतक्या जोरात बोलली की वर ओट्यावर उपाध्यांचं सूप थांबलं.

"मग मी काय करू, तुम्हीच सांगा! माझ्या प्रबंधात नकाशा आहे. त्यावर मी निळ्या शाईनं ओढे काढलेत. त्यातला एक आता लग्नाच्या हॉलखाली आहे. एक खडीच्या खाणीत गेला. एकात तर शाळेची पोरं कचरा टाकतात, कारण बाईंनी सांगितलंय ते गटार आहे. मुलांना शिकवताना मी चित्रं दाखवते, अण्णा. चित्रं! मी जिवंत गोष्टींचा अभ्यास करायला आले होते. आणि मी काय करते? नुसती मर्तिकाला जाते. जाळी टाकते, काही निघत नाही, लिहून घेते, पुढच्या घरी जाते. हा एक उरलाय. एक. त्याच्यासाठी एक खोटं बोलायचं तर माझा गुरू मला विचारतो, कोणासाठी!"

बोलून झाल्यावर तिला आपलाच आवाज परका वाटला.

नेमाण्णांनी सूर्याकडं पाहिलं. तो माळावरच्या कारखान्यांच्या धुराड्यांना टेकायला आला होता.

"पाणी गाळायचं हाय," ते म्हणाले. "हात कापतोय माझा. जरा धर."

*

पाणी गाळून पिणं हा जैनांच्या घरचा रोजचा रिवाज. जाड कापड, दुहेरी घडीचं, घागरीच्या तोंडावर धरायचं आणि वरून पाणी हळू सोडायचं. त्या कापडाला गाळणं म्हणतात. पाणी गाळलं की अर्धंच काम झालं. कापडावर जे जीव अडकतात, दिसोत न दिसोत, त्यांना जिवाणी म्हणतात. गाळणं उलटं करायचं, गाळलेल्याच पाण्यानं ते धुवायचं, आणि ती जिवाणी परत सोडायची. भलतीकडं नव्हे. जिथलं पाणी आणलं, त्याच पाण्यात. वरून फेकायची नाही, लोटी पाण्याला टेकवून सोडायची.

शलाकानं हे इथं कितीदा पाहिलं होतं. पूर्वी तर ती भिंग घेऊन गाळण्यावर वाकायची आणि कोण कोण आलंय ते नावानिशी सांगायची. नेमाण्णांना ती नावं पाठ व्हायची नाहीत. ते म्हणायचे, नाव राहू दे, आलाय न्हवं? मग पोचवून ये.

आज त्यांनी पातेलं पुढं ओढलं, त्यावर कोरं पांढरं गाळणं पसरलं.

"आधी तुझं. उघड."

"थर्मास? कशाला?"

"बघू तरी दे. डोळं गेल्यावर दाखवणार हाईस?"

तिनं झाकण फिरवलं. थंड पाण्याची धार कापडावर पडली, झिरपून खाली गेली. मागं राहिल्या त्या अळ्या. वाळूच्या नळ्या, कणाला कण जोडलेला, आणि प्रत्येकीच्या तोंडाशी सहा बारीक पाय.

पांढऱ्या कापडावर त्या चालायला लागल्या.

नेमाण्णा खाली वाकले. आणखी वाकले. उपरण्याचं टोक पाण्यात पडलं तरी त्यांना कळलं नाही.

"चालत्यात," ते म्हणाले.

खूप वेळ ते तेवढंच बघत राहिले. चेहरा असा, की शलाकाला दुसरीकडं बघावंसं वाटलं.

एकेक करून अळ्यांनी पाय आत ओढून घेतले. कापडावर नुसत्या नळ्या उरल्या.

"काय झालं?"

"पाणी गेलं ना. घाबरल्या की घरात जातात."

"आम्ही बी," नेमाण्णा म्हणाले.

मग त्यांनी गाळण्याची चारी टोकं एका हातात धरली आणि उठले. ओढा दोन पावलांवर होता. हा माणूस तोंडानं हो म्हणणार नाही, हे शलाकाला ठाऊक होतं. पण हातानं म्हणतोय, असं तिला वाटलं.

नेमाण्णांनी दुसरा हात तिच्यापुढं केला.

"थर्मास."

तिनं तो छातीशी धरला.

"दे."

त्यांनी थर्मास पायरीवर ठेवला आणि गाळणं त्याच्या तोंडावर उलटं केलं. पातेल्यातलं घाटातलं पाणी वरून हळूहळू ओतलं. अळ्या टपटप आत गेल्या. एक कापडाला चिकटून राहिली, तिच्यासाठी त्यांनी शेवटचं पाणी राखून ठेवलं होतं. मग झाकण स्वतः फिरवून बसवलं.

"ज्या पाण्यातलं," ते म्हणाले, "त्याच पाण्यात."

शलाका पायरीवर बसली.

"म्हणजे संपलं."

"अजून माझं गाळायचं हाय. घागर भर."

तिनं घागर ओढ्यात बुडवली. रिकामं मन घेऊन माणूस सांगितलेलं काम करतो, तशी. पुन्हा कापड पसरलं, पुन्हा धार सोडली. पाणी जांभळं गेलं आणि जांभळंच खाली उतरलं. गाळणं रंगलं.

"भिंग हाय न्हवं गळ्यात? बघ."

"काय बघायचं? मला माहितीय काय असणार. घाणीत राहणाऱ्या लाल अळ्या. कुठंही जगतात त्या. काहीच नसलं तरी त्या असतात."

"बघ तर."

तिनं भिंग डोळ्याला लावलं. कापडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली. परत आली. मग गाळणं उजेडाकडं फिरवलं आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली.

"लाल अळीसुद्धा नाही," ती म्हणाली. "एकसुद्धा नाही, अण्णा. हे पाणी… यात मरायलाही कोणी उरलं नाहीये."

"व्हय."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"झालं बरंच दिवस. डोळं अधू असलं तरी कापडावरची हालचाल कळती."

आणि मग नेमाण्णांनी गाळणं उलटं केलं. लोटीवर धरलं. गाळलेलं पाणी त्याच्यावर वरून खाली, कडेपासून कडेपर्यंत सोडलं. एकही कोपरा सुटू दिला नाही. लोटी घेऊन ते पायऱ्या उतरले, एका गुडघ्यावर बसले, लोटीचं तोंड पाण्याला टेकवलं आणि हलक्या हातानं तिरकी केली.

तान्ह्या मुलाला पाळण्यात ठेवतात, तसं.

"अण्णा, त्यात काही नाही."

"ठाऊक हाय."

"मग काय सोडलंत?"

नेमाण्णा वर आले. दम लागला होता.

शलाकाला एकदम त्या कापडाचा राग आला. ओलं, जांभळं, रिकामं कापड. तिनं ते उचललं आणि दोन्ही हातांनी पिळायला घेतलं. नेमाण्णांनी तिचं मनगट धरलं. थरथरत्या हाताची पकड इतकी घट्ट असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"पिळू नको. पिळलं की मरत्यात."

"रिकामं आहे ते! आत्ता पाहिलंय मी. रिकामं आहे!"

"तरी पिळायचं न्हाई."

तिनं कापड सोडलं. ते पायरीवर पडलं. ती म्हणाली, "हे पाणी का पिता? व्रताला विहिरीचं चालतं की. बंगल्यावर आहे ना विहीर."

"विहिरीत मी काय सोडलेलं न्हाई."

…

वर माळावर कारखान्याचा भोंगा झाला. पाळी सुटली. जरा वेळानं ओढ्याचा आवाज बदलला; वरून आणखी पाणी सोडलं होतं. जांभळ्यात काळं मिसळत आलं.

"उद्या काय लिहू?" शलाकानं विचारलं.

"काय मिळालं?"

"काही नाही."

"मग?"

"तसं लिहिलं तर झाकण पडेल. वरून ट्रक जातील. इथं ओढा होता हेसुद्धा कोणाला कळणार नाही."

"न्हाई कळणार."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

नेमाण्णांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. प्रश्न परत घ्यायचा तर उशीर झाला होता.

"कशानं गेलं, ते लिहावं लागतं का तुमच्यात?" त्यांनी विचारलं.

"लागतं."

"आजवर काय लिहिलंस?"

"रंगाचं पाणी."

"बरोबर हाय. कोणाच्या रंगाचं?"

"कारखाने पुष्कळ आहेत, अण्णा. एकाचं नाव कसं—"

"पहिला कोणाचा?"

तिनं माळावरच्या धुराड्यांकडं पाहिलं.

"लिही. नेमगोंडा पाटील. पोरांचं नको घालूस, त्यांना मी शिकवलं. … लिहिशील?"

"…लिहीन."

"आणि खडकावरच्या त्या शेवटच्या अळ्या? त्या बी रंगानं मेल्या?"

आता खरं म्हणजे तो खडक समोरच होता. पाण्याच्या वर डोकं काढून. एके काळी याच खडकावर ती पोटावर झोपून चिमटा चालवत होती, आणि प्रत्येक अळी बाटलीत पडली की मनातल्या मनात हसत होती. परीक्षकांनी मागितल्या होत्या त्याहून दोन जास्तच मिळाल्या, म्हणून तिनं मैत्रिणींना आइस्क्रीम दिलं होतं.

"कॉलेजात आहेत," ती म्हणाली. "कपाटात. स्पिरिटमध्ये."

"नेलं कोणी?"

काळं पाणी खडकाच्या कडेनं चढत होतं. तिनं उत्तर शोधलं नाही. ते सापडलेलंच होतं. ते तोंडातून निघायलाच काय तो वेळ लागला.

"मी."

नेमाण्णांनी मान हलवली. रागाची नव्हे, शाबासकीचीही नव्हे. दुकानात माल पोचल्याची हलवतात, तशी.

सूर्याची शेवटची कड धुराड्यामागं राहिली होती. त्यांनी पातेल्यातून फुलपात्र भरलं, डोळे मिटले आणि एका दमात प्यायले. प्याल्यावर पोटाशी हात दाबून जरा वेळ वाकून बसले. शलाका पुढं झाली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या हातानं, राहू दे, अशी खूण केली.

मग ते सावकाश उठले. पडलेलं गाळणं उचललं. न पिळता, न झटकता पायरीच्या कोरड्या दगडावर पसरलं, आणि चारी कोपरे तळव्यानं सारखे केले.

शलाकानं थर्मास खांद्याला लावला. आत काहीतरी हलल्यासारखं तिला वाटलं. घाटाची शेवटची गाडी मिळाली तर उजाडायच्या आत त्या पाण्याशी पोचता येणार होतं, आणि पाहणीच्या वेळेला परत.

दोन पायऱ्या चढून ती थांबली.

"अण्णा, झाकण पडणारच आहे. पाण्यात काही नाही, पुढंही काही येणार नाही. तरी उद्या गाळणार?"

नेमाण्णा पाठमोरे होते. गाळण्याचा एक कोपरा वाऱ्यानं दुमडला होता, तो ते सरळ करत होते.

"तू हिशेब खरा ठेव, बाई. गाळायचं मी बघतो."